गुण येतो, लागतो, जुळतो आणि मिळतो

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे योगायोगाने एकाच शब्दाभोवती फिरणारी निघाली. तेव्हा या वेळी इतर प्रश्न बाजूला ठेवून ‘गुण’ या एका शब्दालाच सर्व जागा द्यावी, असे ठरवले. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांची किल्ली त्यातच आहे.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. गणिताच्या पुस्तकात गुणाकार आणि गुणोत्तर, प्रगतिपुस्तकात गुण, आजीच्या बोलण्यात ‘औषधाने गुण आला’ आणि शेजारच्या काकूंच्या तोंडी ‘पोराने काय गुण उधळले पाहा’! हे सगळे गुण एकच का, असे तिने विचारले आणि मला उत्तर सुचले नाही. हा शब्द एकच आहे, की दिसायला सारखे असलेले हे वेगवेगळे शब्द आहेत?

उत्तर : शब्द एकच आहे. दिसायला जुळे, पण मुळात परके असे शब्द मराठीत आहेतच. शरीराची ‘पाठ’ ही ‘पृष्ठ’पासून आली आणि पुस्तकातला ‘पाठ’ हा ‘पठ्’ या धातूपासून आला. त्या दोघांत काहीही नाते नाही. ‘गुण’ची गोष्ट तशी नाही. येथे एकाच घरातली भावंडे निरनिराळ्या गावी जाऊन स्थायिक झाली आहेत आणि आता त्यांचे चेहरे एकमेकांशी फारसे जुळत नाहीत, इतकेच.

ते मूळ घर म्हणजे दोरी. संस्कृतात ‘गुण’ म्हणजे सूत, दोरीचा एक पदर. त्यावरून सबंध दोरी आणि धनुष्याची दोरीही. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात या शब्दाचे अनेक अर्थ एकत्र दिले आहेत आणि त्यांत पहिला मान ‘मौर्वी’ला, म्हणजे धनुष्याच्या दोरीला मिळाला आहे. संस्कृत कवींना याचा फार मोह पडे. ‘वंश’ म्हणजे कुळ आणि बांबूही, ‘गुण’ म्हणजे सद्गुण आणि दोरीही, त्यामुळे चांगल्या वंशातला गुणवान पुरुष आणि चांगल्या बांबूचे दोरी चढवलेले धनुष्य यांचे वर्णन एकाच शब्दयोजनेत उरकता येई. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात तपाला बसलेली पार्वती कमरेला ‘त्रिगुण’ मौंजी बांधते, असे कालिदास सांगतो. सत्त्व, रज आणि तम यांच्याशी तिथल्या त्रिगुणाचा काही संबंध नाही. मुंज नावाच्या गवताची ती तीन पदरी मेखला आहे आणि ती कमरेला टोचते आहे.

याच ‘तीन पदरी’तून गणिताकडे वाट फुटते. दोन पदरांची दोरी ती द्विगुण आणि तीन पदरांची ती त्रिगुण. पुढे दोरी मागे पडली आणि द्विगुण म्हणजे दुप्पट, त्रिगुण म्हणजे तिप्पट एवढाच अर्थ उरला. मराठीतले ‘दुहेरी’ आणि ‘दुप्पट’ हे शब्द शेजारी ठेवले, तर एका अर्थातून दुसऱ्या अर्थात जाणे किती सोपे आहे, ते दिसते. एखादी संख्या इतक्या पदरी करणे म्हणजे तिला गुणणे. भास्कराचार्यांच्या लीलावती या गणितग्रंथात ज्या संख्येला गुणायचे ती ‘गुण्य’ आणि जिने गुणायचे ती ‘गुणक’ असे शब्द आहेत, आणि शाळेच्या पुस्तकांत ते आजही जसेच्या तसे चालतात. (गुणण्याच्या रीतीचे क्रियापद मात्र तिथे ‘हन्’ हे आहे, म्हणजे मारणे, गुणाकाराची धास्ती घेतलेल्या मुलांना ते अधिक पटेल.) आपल्या मुलीला पाढे येत असतील, तर ‘बे दुणे चार’ म्हणताना ती नकळत हाच शब्द उच्चारते, कारण ‘दुणे’ हे ‘द्विगुण’चेच झिजलेले रूप आहे. ‘उत्साह दुणावला’ या वाक्यातही गुण आहे. तो फक्त ओळखू येत नाही.

दुसरी वाट गुणधर्माकडे जाते. दोरी तिच्या पदरांनी बनलेली असते, त्यामुळे वस्तू ज्यामुळे आहे तशी आहे ते तिच्या अंगचे वैशिष्ट्य म्हणजे तिचा गुण, हा अर्थ समजायला अवघड नाही. या अर्थी गुण मुळात चांगलाही नसतो आणि वाईटही नसतो, तो नुसता असतो. चांगले-वाईट सांगण्याची गरज पडली तेव्हा सद्गुण, दुर्गुण आणि अवगुण असे शब्द करावे लागले. आणि पुढे नुसत्या ‘गुण’ शब्दालाच चांगुलपणा चिकटून ‘गुणी मुलगा’ तयार झाला. काकूंच्या ‘गुण उधळले’मध्ये जो उपरोध आहे, तो या चांगुलपणाशिवाय उभाच राहिला नसता.

आता आपल्या मुलीला खरोखर उपयोगी पडेल असे एक सांगतो. नुसते ‘गुण’ हे नाम पाहून अर्थ लावायला जाऊ नये, त्याच्या शेजारचे क्रियापद पाहावे. गुण ‘मिळाले’ किंवा ‘पडले’ की परीक्षा, गुण ‘जुळले’ की पत्रिका, गुण ‘आला’ की औषध, गुण ‘लागला’ की संगत, गुण ‘उधळले’ की कुणाचे तरी प्रताप आणि गुण ‘झाला’ की व्याकरण. मराठी माणूस यात कधी गफलत करत नाही. ‘औषधाने गुण मिळाले’ असे कोणी म्हणत नाही आणि ‘गणितात गुण आला’ असे म्हटलेच, तर शिकवणी लावल्याचा परिणाम दिसला असा अर्थ होईल. वचनाकडेही लक्ष द्यावे : औषधाचा गुण नेहमी एकवचनी असतो, कारण तिथे तो मोजायचा नसून जाणवायचा असतो, परीक्षेतले आणि पत्रिकेतले गुण मोजायचे असल्यामुळे ते बहुधा अनेकवचनीच येतात. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ या म्हणीत वाण म्हणजे रंग. तो शेजाऱ्याकडून घेता येत नाही, गुण मात्र घेता येतो. म्हणजे अंगचा म्हणून ओळखला जाणारा गुण येथे चक्क संसर्गजन्य ठरला आहे.

‘हातगुण’ आणि ‘पायगुण’ हे या घराण्यातलेच दोन जोडशब्द. पहिला वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या कौतुकासाठी वापरतात. दुसरा नव्या सुनेच्या माथी मारला जातो, आणि घरात जे बिघडले त्याचा हिशेब तिच्या पावलांकडे मागितला जातो. शब्दकोशात तो राहणारच. बोलण्यातून गेला, तर आम्हांला दुःख होणार नाही.

प्रश्न : तत्त्वज्ञानाच्या वर्गात सत्त्व, रज, तम हे गुण म्हणून शिकलो आणि पुढच्याच प्रकरणात रूप, रस, गंध, स्पर्श हेही गुण निघाले. दोन्हीकडे अर्थ एकच घ्यायचा का?

उत्तर : मुळीच नाही, आणि या ठिकाणी भले भले अडखळतात. सत्त्व, रज, तम हे सांख्य दर्शनाचे गुण, आणि ते कशाचे तरी गुणधर्म नाहीत. तेच प्रकृतीचे, म्हणजे सृष्टीच्या मूळ द्रव्याचे, घटक आहेत. प्रकृतीतून ते तीन पदर काढून घेतले, तर मागे ‘गुण नसलेली प्रकृती’ उरत नाही, काहीच उरत नाही. दोरीचा मूळ अर्थ सर्वांत जास्त कोणी जपला असेल, तर तो सांख्यांनी. रूप, रस, गंध, स्पर्श यांना गुण म्हणणाऱ्या वैशेषिक दर्शनाच्या लोकांचे गणित याच्या अगदी उलट आहे. त्यांच्या मते गुण हा द्रव्याच्या आधाराने राहतो. द्रव्य वेगळे आणि त्याचा गुण वेगळा. या दर्शनाचे सूत्रकार कणाद यांच्या सूत्रात असे १७ गुण सांगितले आहेत, पुढचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी त्यांत ७ घालून ते २४ केले, आणि पुढे हीच संख्या रूढ झाली. त्या यादीत संख्या हादेखील एक गुण आहे, म्हणजे तीन फुलांमधले ‘तीनपण’ हे फुलांच्या रंगासारखेच फुलांच्या आश्रयाने राहते.

दोन्ही दर्शनांचा शब्द एक धरला, तर काय गोंधळ होतो, तो एका उदाहरणात दिसतो. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत सत्त्व हे लघु (हलके) आणि प्रकाशक, रज हे चंचल आणि चालना देणारे, तर तम हे गुरू (जड) आणि झाकणारे असे वर्णन आहे, आणि हे तिघे दिव्यातल्या घटकांप्रमाणे परस्परविरुद्ध असूनही एका कामाला लागतात, असे म्हटले आहे. आता ‘तम हा गुण आहे आणि तो जड आहे’ हे वाक्य वैशेषिकापुढे ठेवून पाहावे. त्याच्या शास्त्रात गुरुत्व हा स्वतःच एक गुण आहे आणि गुणाच्या ठिकाणी दुसरा गुण राहू शकत नाही असा दंडक आहे, त्यामुळे ते वाक्य त्याला खोटे नव्हे, तर निरर्थक वाटेल. परीक्षेत उत्तर लिहिताना म्हणूनच कोणत्या दर्शनाचा गुण ते आधी लिहावे आणि मग पुढे जावे.

‘निर्गुण’ शब्दाचेही हेच आहे. संतवाङ्मयातला निर्गुण म्हणजे या तिन्ही पदरांच्या पलीकडचा. तो रिकामा किंवा नालायक नव्हे. व्यवहारात मात्र एखाद्याला आपण निर्गुणी म्हणालो, तर तो भांडायला उठेल.

प्रश्न : पत्रिका जुळवताना ३६ गुण कोणते असतात? माझ्या आणि यजमानांच्या पत्रिकेचे २८ गुण जुळले होते असे आई सांगते. पण ते २८ कोणते, हे तिलाही ठाऊक नाही.

उत्तर : आपल्या आईंना ते ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण ते २८ सद्गुण नव्हेत. गुणमेलनात आठ गोष्टी पाहतात, आणि प्रत्येकीला चढत्या क्रमाने कमाल गुण ठेवलेले असतात : वर्णाला १, वश्याला २, तारेला ३, योनीला ४, ग्रहमैत्रीला ५, गणाला ६, भकूटाला ७ आणि नाडीला ८. एक ते आठची बेरीज ३६ होते, आणि १८ म्हणजे निम्मे गुण जुळले तर चालते असे मानतात. म्हणजे येथे ‘गुण’ हे निव्वळ माप आहे, परीक्षेतल्या गुणांसारखे किंवा कबड्डीत लोण चढवल्यावर मिळणाऱ्या दोन जादा गुणांसारखे. एका गुणात किती चांगुलपणा असतो, हा प्रश्न जसा कबड्डीच्या पंचाला विचारत नाहीत, तसाच तो येथेही विचारू नये.

अंकांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. जुन्या ज्योतिषगणितात संख्या शब्दांनी लिहीत, आणि गुण तीन असल्यामुळे ‘गुण’ हा शब्दच ३ या अंकासाठी वापरत. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत आपले जन्मवर्ष ‘रसगुणपूर्णमही’ असे दिले आहे. रस ६, गुण ३, पूर्ण ०, मही १. अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे, म्हणजे शके १०३६, इसवी सन १११४. पुढच्याच ओळीत, वयाच्या ‘रसगुण’ वर्षी आपण हा ग्रंथ रचला, असे ते सांगतात. तेव्हा त्यांचे वय ३६ होते. ‘रसगुण’ म्हणजे रसाळ गुण असे समजून ही ओळ वाचणारा माणूस एका थोर गणितज्ञाचे वयच हरवून बसेल.

प्रश्न : ‘महा’ आणि ‘ईश’ मिळून ‘महेश’ होतो, त्याला गुणसंधी म्हणतात. यात गुण कोणाचा आणि तो कसला?

उत्तर : कोणाचाही नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत दुसरेच सूत्र ‘अदेङ् गुणः’ असे आहे आणि त्याने अ, ए, ओ या तीन स्वरांना ‘गुण’ हे नाव देऊन टाकले आहे. त्याच्या आधीच्या सूत्राने आ, ऐ, औ यांना ‘वृद्धी’ म्हटले आहे. अ किंवा आ यांच्यापुढे इ-ई आली तर ए, उ-ऊ आला तर ओ आणि ऋ आला तर अर् होतो : महेश, सूर्योदय, देवर्षी. ही शास्त्रकाराने बेतून घेतलेली खूण आहे. तिचा नेहमीच्या अर्थाशी ओढूनताणून मेळ घालू नये. वर्गात मुले विचारतात म्हणून काही शिक्षक तसे करतात, पण ‘हे या शास्त्रापुरते नाव आहे’ एवढे सांगितले तरी मुलांना पुरते. राजनीतीतही असेच एक नाव आहे. संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव या परराष्ट्रव्यवहाराच्या सहा पद्धतींना कौटिल्य ‘षाड्गुण्य’ म्हणतो, आणि त्यांत शत्रूशी युद्ध पुकारणे हाही एक गुणच ठरतो.

प्रश्न : ‘गुण’पासून ‘गौण’ झाला असे वाचले. गुण चांगला, मग गौण म्हणजे कमी महत्त्वाचा कसा?

उत्तर : प्रश्न मार्मिक आहे. वर वैशेषिकांच्या संदर्भात आलेच आहे की, गुण दुसऱ्याच्या आधाराने राहतो. जो आधाराने राहतो तो दुय्यम, आणि ज्याच्या आधाराने राहतो तो प्रधान. मीमांसा (वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचे शास्त्र) आणि व्याकरण या शास्त्रांत ‘गुण’ शब्द ‘प्रधान’च्या विरुद्ध बाजूला, म्हणजे अंगभूत किंवा दुय्यम या अर्थी सर्रास येतो, आणि त्याचेच विशेषण ‘गौण’. काव्यशास्त्रात सूचित अर्थ दुय्यम ठरतो त्या काव्याला मम्मट हा काव्यशास्त्रकार आपल्या ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात ‘गुणीभूतव्यंग्य’ म्हणतो. तिथे ‘गुणीभूत’चा अर्थ ‘गुणवान झालेले’ असा केला, तर सगळे विवेचनच उलटे होईल. त्याच ग्रंथात पुढे माधुर्य, ओज आणि प्रसाद हे तीन काव्यगुण येतात, तिथे मात्र गुण म्हणजे काव्याला उजळवणारे वैशिष्ट्य. एक ग्रंथ, एक लेखक, एक शब्द आणि दोन अर्थ. वाचकाने सावध राहायचे. महसूल खात्याच्या कागदांत वाळू आणि मुरूम यांना ‘गौण खनिज’ म्हणतात, ते याच दुय्यमपणावरून.

प्रश्न : मी आयुर्वेदावरील एका पुस्तकाचे संपादन करत आहे. वाचकांना सोपे जावे म्हणून ‘गुण’ऐवजी सगळीकडे ‘फायदे’ असे करावे का?

उत्तर : कृपा करून तसे करू नये. आयुर्वेदात गुरू-लघू, शीत-उष्ण, स्निग्ध-रूक्ष अशा दहा जोड्यांत मिळून वीस गुण सांगितलेले आहेत. जोडीतला एक चांगला आणि दुसरा वाईट असे तिथे नसते. कोणाला, कोणत्या ऋतूत आणि किती, यावर ते ठरते. ‘या द्रव्याचा गुण रूक्ष आहे’ या वाक्याचे आपल्या नियमाप्रमाणे ‘या द्रव्याचा फायदा रूक्ष आहे’ असे होईल, आणि ते कोणालाच कळणार नाही. जिथे मूळ लेखकाने ‘गुण येतो’ असे लिहिले असेल तिथे हवे तर ‘उपयोग होतो’ असे करावे, जिथे ‘गुण आहे’ असे लिहिले असेल तिथे हात लावू नये. येथेही क्रियापदाकडेच पाहायचे. संगणकावर एका झटक्यात सगळीकडे शब्द बदलण्याची जी सोय असते, ती अशा वेळी वापरू नये; ‘गुणधर्म’ची ‘फायदेधर्म’ आणि ‘गुणसूत्रा’ची ‘फायदेसूत्र’ झालेली पाने दुरुस्त करण्यात आमचा एक सबंध दिवस गेलेला आहे.

‘गुणसूत्र’ हा शब्द मात्र आमचा फार आवडता आहे. पेशीतल्या या घटकांना १८८८ साली जर्मन शरीररचनातज्ज्ञ वाल्डेयर यांनी जे ग्रीक नाव दिले, त्याचा अर्थ ‘रंगीत काया’ असा होतो, कारण रंग घातल्यावर ते सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसत. मराठी प्रतिशब्दाने रंग सोडून दिला आणि काम पकडले : आनुवंशिक गुण वाहून नेणारे सूत्र. माणसाच्या पेशीत अशी ४६ असतात, २३ जोड्यांनी. आणि ‘गुण’चा पहिला अर्थ सूत हाच असल्यामुळे, हा शब्द अक्षरशः घेतला तर ‘सुताचे सूत’ असा होतो.

प्रश्न : गुणगुणणे आणि गुन्हा या शब्दांचाही ‘गुण’शी संबंध आहे का?

उत्तर : नाही. गुणगुणणे हे ध्वनीवरून आलेले क्रियापद आहे, भुणभुणणे आणि कुणकुणणे यांच्या पंगतीतले. गुन्हा हा फारसी ‘गुनाह’वरून आला.